होडीची गाठ

हेमांगीनं फाटकाला आतून साखळी घातली, साखळीत कुलूप अडकवलं, ओढून बघितलं आणि चावी ओढणीच्या टोकाला बांधली. फाटकाच्या बाहेर तिचा बाप पाण्याची बादली घेऊन उभा होता. बादली काठोकाठ भरलेली. त्याच्या हाताला जरा कंप होता, त्यामुळं पाणी चपलांवर सांडत होतं.

"पाणी घालायचंय त्यांना," सदा म्हणाला.

"मी घालते. बादली ठेव तिथं."

"कुलूप कशाला?"

"ठेव म्हटलं ना, बाबा."

त्यानं बादली ठेवली, पण लगेच गेला नाही. कुलुपाकडं बघत राहिला. दुसऱ्याची नवी होडी धक्क्याला लागली की माणसं बघतात तसा. मग वळला आणि गल्लीच्या कडेला पडलेल्या माडाच्या ओंडक्यावर जाऊन बसला, फाटकाकडं पाठ करून.

समोरच्या ओट्यावर कोकिळा कोलंबी सोलत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "हेमे, कुत्र्यांना आत कोंडलंस का तांडेलाला भायेर?"

"तुझी कोलंबी बघ, काकी. मांजर आलंय टोपलीपाशी."

मांजर नव्हतंच. पण कोकिळानं टोपलीकडं बघितलं, आणि तेवढ्यात हेमांगीनं कुलूप काढून बादली आत ओढली. परत कुलूप लावलं. कुलूप लावायच्या आधीच बापाच्या हातातून बादली घेतली असती तर ते परत उघडावं लागलं नसतं, हे तिच्या लक्षात आलं. ती तशीच आत गेली.

ही खोप आधी जाळी ठेवायला होती. सदा तांडेल होता, स्वतःची होडी हाकायचा. त्याला दम लागायला लागला, होडी विकली, आणि खोपीत उंदरांशिवाय काही राहिलं नाही. शनिवार-रविवार मुरुडला पुण्या-मुंबईची माणसं गाड्या भरून यायची. मागच्या सीटवर कुत्रं असायचं आणि लॉजवाले कुत्रं घ्यायचे नाहीत. एकदा एका बाईनं कुत्रं गाडीतच ठेवलेलं हेमांगीनं बघितलं. उन्हात, काच चार बोटं उघडी. हेमांगी त्या बाईशी भांडली आणि भांडता भांडता कुत्रं घरी घेऊन आली. संध्याकाळी बाई कुत्र्याला न्यायला आली तेव्हा म्हणाली, पुढच्या महिन्यात पण ठेवाल का? धंदा असा सुरू झाला. कॉलेज तिनं अकरावीतच सोडलं होतं, तिथल्या मॅडमशी वाजलं म्हणून. या कामात मॅडम कुणी नव्हती.

आणि काम ती चोख करायची. मोठं कुत्रं आणि लहान कुत्रं शेजारी ठेवायचं नाही. नवीन आलेलं पहिल्या दिवशी एकटं, कोपऱ्यातल्या कप्प्यात. माजावर आलेली कुत्री असेल तर सरळ नाही म्हणायचं. जेवताना एकाला दुसऱ्याची ताटली दिसता कामा नये, म्हणून मधल्या जाळ्यांना कमरेएवढं पोतं शिवलेलं. लहान कुत्री अंगणात मोकळी सोडली की मोठी आत बंद, मोठी सोडली की लहान बंद. मांजरं तर खोपीत घ्यायचीच नाहीत, त्यांना घरामागची खोली. हे सगळं ती मोबाईलवर बघून आणि अलिबागच्या डॉक्टरांना फोन करकरून शिकली होती. डॉक्टर कधी कधी फोन उचलायचे नाहीत, मग ती परत करायची.

कड्यांनी मात्र तिला दमवलं. लोखंडी कडी लावली की एका पावसाळ्यात खारा वारा तिला खाऊन टाकायचा. शेवटी तिनं सगळ्या कड्या उपटून फेकल्या. होडीचा जुना दोर होडीबरोबर विकला नव्हता. तो कापून तिनं प्रत्येक दाराला बांधला.

गाठ तिला येतच होती. ती एवढीशी असताना सदा तिला होडीवर न्यायचा आणि धक्क्याला होडी बांधायची गाठ त्यानं तिच्या हाताला धरून शिकवली होती. कितीही ओढ बसू दे, ती सरकायची नाही. मोकळं टोक झटकलं की एका दमात सुटायची. "वारा उलटला तर गाठ सोडत बसायला वेळ न्हाय मिळत, बाय," तो म्हणायचा. तिच्या भावाला, विनेशला, ती कधी जमली नाही. तो आता उरणला ट्रेलर चालवतो. गिऱ्हाईक बघत असलं की हेमांगी मुद्दाम एका हातानं टोक झटकायची, दार उघडायचं, आणि लोक मोबाईल काढायचे.

गेल्या शनिवारपर्यंत सगळं असं होतं.

शनिवारी लहान कुत्री अंगणात होती. त्यात पुण्याच्या एका बाईंची कुकी होती, पांढरी, उशीएवढी. हेमांगी घरात भात निवत ठेवायला गेली. सदा खोपीच्या मागच्या अंगाला पाणी घालत होता. एकदम किंचाळणं आलं. ती धावत आली तेव्हा शेरा नावाचा मोठा कुत्रा अंगणात होता आणि कुकी त्याच्या तोंडात. सदानं शेराचे मागचे पाय धरले होते, दोन्ही, आणि त्याला मागं ओढत होता. दम लागलेला, तोंडातून शिट्टीसारखा आवाज. शेरानं सोडलं तेव्हा कुकीचा कान लोंबत होता आणि मागचा पाय भलतीकडंच वळला होता. शेराच्या कप्प्याचं दार सताड उघडं होतं.

बाई आल्या, त्यांचा नवरा आला, अर्धी गल्ली आली. बाई कुकीला टॉवेलमध्ये घेऊन नुसत्या उभ्या होत्या. नवऱ्यानं विचारलं, "दार कोणी उघडं ठेवलं?"

आणि हेमांगी बोलली. विचार करून नाही. तिच्या तोंडाचा आणि डोक्याचा रस्ता पहिल्यापासून वेगळा.

"बाबांनी ठेवलं असेल. खोपीत तेच होते. त्यांना आठवत नाय आजकाल काही. परवा बाजारात आईला आणायला गेले आणि नुसती टोपली घेऊन आले, आईला तिथंच विसरले."

मागं कुणीतरी हसलं. ती गोष्ट गल्लीत आधीच फिरलेली होती, सदानं स्वतःच सांगितली होती, हसत हसत. आता तो हसला नाही. त्याच्या मनगटावर शेराचे दात लागले होते, रक्त बोटापर्यंत आलं होतं. त्यानं ते बघितलं. मग सगळ्यांकडं बघून मान हलवली.

"व्हय. असेल. माझ्याच हातून झालं असेल."

बाईंचा दुसऱ्या दिवशी मेसेज आला. कुकीच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं. खाली लिहिलं होतं, तुमच्या वडिलांना कृपा करून आत जाऊ देऊ नका, दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असं व्हायला नको. हेमांगीनं लगेच उत्तर पाठवलं, नाही जाऊ देणार. आणि बाजारातून साखळी-कुलूप आणलं.

साखळी लागली त्या दिवशी दुपारी नीराबाई मासळी बाजारातून आली. रिकामी टोपली ओट्यावर ठेवून तिनं फाटकाकडं बघितलं, ओंडक्यावर बसलेल्या नवऱ्याकडं बघितलं.

"माणसाला कुलूप लावलंस, हेमे?"

"गिऱ्हाईक म्हणालं, आई. मी काय करू? धंदा बंद करू?"

"मी काय बोलली का?" नीराबाई म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

मग सदा बदलायला लागला. आरडाओरडा नाही, रुसणं नाही. त्या दोन्ही गोष्टी हेमांगीला समजल्या असत्या, तिला त्या स्वतःला येत होत्या. तो नुसता कमी कमी होत गेला. दादू फाटलेलं जाळं घेऊन आला. दरवर्षी त्याचं जाळं सदाच विणायचा, सगळ्या कोळीवाड्यात तसा हात कुणाचा नव्हता. सदानं जाळ्याला हात पण लावला नाही.

"दुसऱ्याकडं ने, दादू. माझ्या हातचं आता काय खरं न्हाय."

"तांडेल, चेष्टा करता काय?"

"मधेच जाळ्याचं एक घर सोडलं तर तुझा सगळा मासा जायचा. ने तू."

दादू जाळं खांद्यावर टाकून गेला, जाताना हेमांगीकडं बघून गेला. घरात सदा चहाला गॅस पेटवायचा नाही आता. नीराबाईनं पेटवला तरी येऊन विचारायचा, "बंद केलास ना?" थोड्या वेळानं परत यायचा. "बंद हाय ना?" दाराबाहेर निघाला की कडीला हात लावून बघायचा, दोन पावलं जाऊन माघारी यायचा. बाजारात जायचं त्यानं सोडलंच. ज्यानं अंधारात, धुक्यात, नुसत्या पाण्याच्या वासावरून होडी खाडीत आणली होती, तो माणूस दिवसभर ओंडक्यावर बसून आपले हात उलटे-सुलटे करून बघायचा.

हेमांगीला त्याचा राग यायचा. मुद्दाम करतोय असं वाटायचं. चुकलं तर चुकलं, एवढं काय. ती कुत्र्यांना भात वाढताना ताटल्या आपटायची आणि कुत्री दचकून मागं सरायची.

पुढच्या शनिवारच्या आधीच एक गिऱ्हाईक आलं. आठवडाभर राहणार होतं. कुत्रीचं नाव जिंजर, लांब कानांची, सतत नाक जमिनीला. नवीन म्हणून तिला कोपऱ्यातला कप्पा. दुपारी हेमांगी पोत्यावर बसून फाटलेलं पोतं शिवत होती. बाहेर ओंडक्यावर सदाची पाठ दिसत होती. खोपीत सगळी कुत्री झोपलेली, फक्त कुठंतरी बारीक चघळल्याचा आवाज येत होता.

तिनं बघितलं. जिंजर दाराला चिकटून आडवी झाली होती. जाळीच्या भोकातून दोराचं मोकळं टोक तिनं आत ओढून घेतलं होतं आणि डोळे मिटून चघळत होती, माणसं सुका बोंबील चघळतात तसं. हेमांगीला हसू आलं. हा दोर किती वर्षं होडीवर होता. मासळीच्या पाण्यात भिजलेला, उन्हात वाळलेला, परत भिजलेला. तिनं शेजारच्या दाराचा दोर नाकाला लावला. धुऊन धुऊन पण वास होता.

जिंजरनं टोक दाढेत धरलं आणि मान झटकली.

गाठ सुटली. दोर साप उतरावा तसा खाली उतरला आणि दार आपोआप, हळू, कुरकुरत उघडलं. जिंजर स्वतःच जरा चकित झाली. मग शेपटी हलवत बाहेर आली आणि हेमांगीच्या मांडीवर नाक ठेवलं.

हेमांगीनं फाटकाकडं बघितलं. साखळी होती. कुलूप होतं. ओढणीचं टोक चाचपलं, चावी होती.

तिनं जिंजरला आत ढकललं, दार लावलं आणि गाठ मारली. नीट, घट्ट, जशी नेहमी मारायची. बाजूला उभी राहिली. जिंजर आडवी झाली, टोक शोधलं, चघळलं, झटकलं. दार उघडलं. तिनं परत बांधलं. परत उघडलं. तिसऱ्या वेळी जिंजरला खेळ कळला होता, तिनं चघळण्यात वेळच घालवला नाही.

हेमांगी खाली बसली. सुई अजून हातात होती.

शेराच्या दाराची गाठ तिनंच मारली होती. खोपीत दुसऱ्या कुणाची गाठच नव्हती. बापाला दारांना हात लावायचा नाही असं तिनंच पहिल्या दिवशी बजावलं होतं. आणि त्याला दारांपर्यंत यावं लागूच नये, म्हणून पाण्याचे पाइप तिनंच मागच्या भिंतीतून प्रत्येक कप्प्यात काढून घेतले होते. बाहेरून ओतलं की आत भांड्यात पडायचं. शनिवारी तो तिथंच होता, भिंतीच्या पलीकडं, बादली घेऊन. हे तिला तेव्हाही माहीत होतं. नवऱ्यानं विचारलं तेव्हा, गल्ली जमली होती तेव्हा. माहीत होतं आणि आठवलं नव्हतं. आणि आठवत नाही म्हणून ती दुसऱ्याला बोलली होती.

बाहेर सदा खोकला. तिला उठून त्याच्याकडं जायचं होतं, पण तिनं मोबाईल काढला आणि पुण्याच्या बाईंना फोन लावला. परक्या माणसाशी बोलणं सोपं असतं.

"मॅडम, मुरुडहून हेमांगी. कुकी कशी आहे?"

"चालते आता. लंगडते, पण चालते."

"मॅडम, ते दार... वडिलांनी नव्हतं उघडलं. माझी गाठ चुकीची होती. कुत्र्यानं ओढली की सुटते. मी आत्ता बघितलं."

पलीकडं मागं टीव्ही चालू होता.

"त्यांना सांगितलंत का?" बाईंनी विचारलं.

"सांगते."

"आधी त्यांना सांगायचं ना," बाई म्हणाल्या. रागानं नाही म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला तरी हेमांगी तो कानालाच लावून बसली होती.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर तिनं सांगितलं. सदा भातात कालवण कालवत होता. काटा आहे की नाही हे बोटांनी दोनदा बघत होता, आधी तो असं कधी करायचा नाही.

"बाबा, शनिवारी दार तू नव्हतं उघडं ठेवलंस. माझी गाठ सुटली होती. कुत्र्यानं ओढली."

सदाचा घास हातातच राहिला. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि हसला. शनिवारनंतर पहिल्यांदाच हसला.

"बरं."

"बरं काय? खरं सांगते मी."

"व्हय बाय. जेव तू."

"बाबा, मी डोळ्यांनी बघितलं आज."

"बघितलंस ना, मग झालं." तो नीराबाईकडं वळला. "बघ गो, पोरगी केवढी मायाळू झाली. आपल्यावर घेते." आणि खाली मान घालून जेवायला लागला. जेवून उठला, हात धुतले, आणि स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "गॅस बंद हाय ना?"

मोरीत भांडी घासताना नीराबाई म्हणाली, "खोटं बोलून त्याला बरं वाटवायचं होतं तर त्याच दिवशी बोलायचंस. चार माणसं होती तेव्हा. आता काय त्याचा उपयोग?"

"खोटं नाय, आई. माझीच गाठ होती."

नीराबाईचा हात थांबला. तिनं वळून लेकीचं तोंड नीट बघितलं. बाजारात ती मासळी ताजी आहे का हे डोळ्यात बघून ओळखायची.

"मग तर जास्तच वाईट," ती म्हणाली आणि परत घासायला लागली.

सकाळी हेमांगीनं कुलूप काढलं, साखळी ओढून काढली आणि बादलीत टाकली. फाटक सताड उघडून ती गल्लीत आली. सदा ओंडक्यावर होता.

"बाबा, आत चल."

"मी न्हाय येत."

"चल म्हणते ना. दाखवायचंय तुला काहीतरी."

"नको बाय. परत काय झालं तर? लोकांची जनावरं हायत."

"तुझ्यामुळं काही झालंच नव्हतं," ती ओरडली. "किती वेळा सांगू? ऐकतच नाय माणूस."

तिचा आवाज गल्लीभर गेला. कोकिळानं मान वर केली. सदानं मान खाली घातली, जशी हल्ली कुणी मोठ्यानं बोललं की घालायचा. हेमांगीनं ती खाली गेलेली मान बघितली. शनिवारी पण ती अशीच सगळ्यांसमोर बोलली होती. हाच आवाज.

ती ओंडक्यापाशी खाली बसली, त्याच्या गुडघ्याला हात लावला.

"बाबा, मला एक गाठ जमत नाय," ती हळू म्हणाली. "बघून दे."

सदा गुडघ्यावर हात टेकून उठला.

"काकी, तू पण ये," हेमांगी कोकिळाला म्हणाली. "त्या दिवशी तू होतीस ना ऐकायला. आज बघायला पण ये."

कोकिळा हात पदराला पुसत आली. हेमांगीनं कोपऱ्यातल्या कप्प्याचं दार लावलं, गाठ मारली, ओढून दाखवली. तिघंही बाजूला उभी राहिली. जिंजरनं आधी तिघांकडं बघितलं, शेपटी हलवली. मग टोक दातात धरलं आणि झटकलं. दार उघडलं.

"अगो बाय," कोकिळा म्हणाली. तिनं सदाकडं बघितलं आणि नजर वळवून घेतली. तिला पण काहीतरी आठवलं असणार. हसलं कोण होतं ते हेमांगीनं तेव्हा वळून बघितलं नव्हतं, आताही विचारलं नाही.

सदा उघड्या दाराकडं बघतच नव्हता. तो दोराकडं बघत होता. वाकून त्यानं तो उचलला, बोटांमधून सरकवला, वास घेतला.

"परत मार बघू," तो म्हणाला.

तिनं परत गाठ मारली. तो डोकं खाली घालून तिचे हात बघत होता.

"ही तर होडीची गाठ," तो म्हणाला. "जनावराच्या दाराला ही कोण मारतं? जनावर ओढणारच. त्याला निरगाठ पायजे. आणि टोक भायेरच्या अंगाला घ्यायचं, दोराच्या पोटात खुपसायचं. दाताला लागताच कामा नये."

"दाखव ना."

त्यानं दोर हातात घेतला. हाताचा कंप दोर हातात आला तसा थांबला, का दोर ताणल्यामुळं दिसेना झाला, कोण जाणे. एक वेढा, दुसरा वेढा, खालून वर. त्यानं हातांकडं बघितलं पण नाही. टोक आत खुपसलं, अंगठ्यानं दाबलं. जिंजर पुढं आली, हुंगली, जाळीतून जीभ काढून बघितली, आणि तिला काही मिळालं नाही.

सदानं तिला बघितलं. मग गाठीला बघितलं. त्याचे वाकलेले खांदे जरा वर आले.

"तुला कोणी शिकवली ही होडीची गाठ?" त्यानं विचारलं.

कोकिळानं तोंड उघडलं. तिला माहीत होतं, अख्ख्या कोळीवाड्याला माहीत होतं. धक्क्यावर एवढीशी पोरगी आणि तिच्यामागं तिचे हात धरून वाकलेला तांडेल सगळ्यांनी बघितला होता. हेमांगीनं कोकिळाकडं बघितलं. कोकिळानं तोंड मिटलं.

"कोणी नाय," हेमांगी म्हणाली. "आपली आपणच शिकले."

"म्हणून," सदा म्हणाला. "कोणाला तरी इचारायचं. घरात तांडेल बसलाय." आवाजात जुनी खरखर होती, होडीवर पोरांना हाकायचा तो आवाज. "दुसरं दार दाखव. सगळीकडं हीच मारून ठेवली असशील."

"सगळीकडं."

"बघा. पोरीची अक्कल बघा, कोकिळे."

कोकिळा तिच्या कोलंबीकडं गेली. सदा एका दारावरून दुसऱ्या दाराकडं जायला लागला. प्रत्येक दाराशी थांबायचा, पुटपुटायचा, आतल्या कुत्र्याला "बस रे" म्हणायचा, गाठ सोडून नवी बांधायचा. हेमांगी त्याच्यामागून जास्तीचा दोर हातात गोळा करून चालत होती. दम लागला की तो दाराला टेकायचा, आणि ती तेवढा वेळ दुसरीकडं बघायची.

शेवटचं दार शेराच्या कप्प्याचं होतं. कप्पा रिकामा होता, तरी तिनं दार बांधून ठेवलेलं. सदा तिथं जरा जास्त वेळ थांबला. दुसऱ्या गाठी त्यानं नखानं, दोन्ही हातांनी, डोळे बारीक करून सोडल्या होत्या. इथं त्यानं बघितलं पण नाही. त्याचा हात आपोआप खाली गेला, मोकळं टोक सापडलं, आणि मनगटाला एक झटका बसला. मनगटावर शेराच्या दातांच्या खुणा अजून तांबड्या होत्या. गाठ एका दमात सुटली.

दोर हातात धरून तो आपल्या हाताकडं बघत उभा राहिला. हेमांगी त्याच्या पाठीमागं होती. तिला त्याचं तोंड दिसत नव्हतं.

"मारतेस मात्र चांगली," तो म्हणाला.

तो नवी गाठ बांधायला लागला तेव्हा तिनं पुढं होऊन दार त्याच्यासाठी घट्ट धरून ठेवलं.